पावसाच्या पाण्याची टाकी आणि पंप: मे ते ऑक्टोबर काय काय करायचं

गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवायचं आणि पंपाने वर चढवायचं, ही सोय आता कोकणातल्या वाड्यांत, पुण्या-नाशिकच्या बंगल्यांत आणि नगर-बीडकडच्या घरांतही दिसते. बसवताना उत्साह असतो. दोन-तीन पावसाळे गेले की पाण्याला वास येऊ लागतो, पंप नुसता गुरगुरतो आणि मग टाकीवर कुंड्या ठेवल्या जातात. कारण बहुतेक ठिकाणी एकच निघतं: देखभाल टाकीच्या झाकणापासून सुरू केलेली असते. खरं काम गच्चीवर असतं. वर कचरा अडला की टाकीत गाळ कमी येतो, आणि गाळ कमी आला की पंप टिकतो. म्हणून हा लेख पाणी ज्या वाटेने येतं त्याच वाटेने जातो.

हिशोबासाठी एक नेहमीचं घर धरू: 1000 चौरस फुटांचा स्लॅब, 10,000 लिटरची जमिनीखालची आरसीसी टाकी, अर्धा एचपीचा सेल्फ प्रायमिंग मोनोब्लॉक पंप आणि वर 1000 लिटरची प्लास्टिकची टाकी. 1000 चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. 1 मिलिमीटर पाऊस पडला की गच्चीवर 93 लिटर पाणी पडतं. स्लॅबने शोषलेलं आणि इकडेतिकडे उडालेलं वजा जाता त्यातलं साधारण 75 लिटर हाती लागतं. रिकामी टाकी भरायला सुमारे 135 मिलिमीटर पाऊस लागतो. रत्नागिरीला जुलैत हा काही दिवसांचाच मामला आहे. वर्षाला 500-600 मिलिमीटर पडणाऱ्या भागात मात्र अख्ख्या हंगामात ही टाकी चारेक वेळाच भरेल. तिथे प्रत्येक सर मोलाची, त्यामुळे वाटेतली गळती आणि घाण दोन्ही जास्त महाग पडतात.

गच्ची, पन्हळ आणि उतरता पाइप

रोहिणी नक्षत्र लागतं 25 मेच्या आसपास. तोवर गच्ची झाडून झालेली असावी. आधी कोरडी झाडायची आणि धूळ सुपलीत भरून बाहेर काढायची. पाइपच्या तोंडात ढकलायची नाही. तीच धूळ पुढे टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसते. मग कवड्यांची-कबुतरांची विष्ठा वाळून बसलेली जागा शोधा. ती बहुतेक पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डिश अँटेनाखाली आणि पॅरापेटच्या कोपऱ्यात असते. ती ओली करून, तोंडाला फडकं बांधून खरडा. कोरडी खरडली तर धूळ नाकातोंडात जाते, आणि ती धूळ फुफ्फुसांना वाईट.

शेवाळं तारेच्या ब्रशने काढा. गच्चीवर ॲसिड ओतू नका. सिमेंट खातं आणि पुढच्या वर्षी त्याच जागी जास्त शेवाळं धरतं. वॉटरप्रूफिंगचा नवा थर दिला असेल तर पहिले काही जोरदार पाऊस पूर्ण बाहेर सोडून द्या. डांबराचा थर असलेल्या गच्चीचं आणि ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्यावरचं पाणी पिण्याला वापरूच नका. झाडांना, फरशीला, संडासाला खुशाल वापरा.

कौलारू घराच्या पन्हळीत पानं दर आठवड्याला काढावी लागतात, त्याला इलाज नाही. फणस, आंबा घरावर झुकलेला असेल तर पन्हळीवरची फांदी मेमध्येच छाटलेली बरी. पन्हळीला पाइपच्या दिशेने दर मीटरला निदान अर्धा सेंटिमीटर उतार हवा. बालदीभर पाणी वरच्या टोकाला ओता. कुठे साचलं तर तिथला पन्हळ धरणारा आकडा वाकलाय असं समजा. पन्हळीत बोटभर पाणी आठवडाभर साचून राहिलं तरी त्यात डासांची पिढी तयार होते.

गच्चीच्या आउटलेटला सपाट जाळी बसवू नका. एक मोठं पान आलं की ती झाकली जाते, गच्चीवर पाणी तुंबतं आणि स्लॅब गळायला लागतो. घुमटासारखी वर आलेली जाळी घ्या. तिच्या बाजूंनी पाणी जात राहतं.

पहिलं पाणी बाहेर

पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. किती, हे मात्र मोजलेलं नसतं. सुरुवातीचा 1 ते 2 मिलिमीटर पाऊस गच्ची धुतो, म्हणजे आपल्या गच्चीवर 93 ते 186 लिटर. बाजारात मिळणारी उभी पाइपची व्यवस्था बहुतेक वेळा कमी पडते: 6 इंची पाइपमध्ये मीटरला सुमारे 18 लिटर मावतात, म्हणजे 93 लिटरसाठीच पाच मीटर पाइप लागेल. त्यापेक्षा उतरत्या पाइपला टी जोडून खाली 200 लिटरचा झाकणाचा ड्रम ठेवा. आधी ड्रम भरतो, मग पाणी टीच्या दुसऱ्या वाटेने फिल्टरकडे जातं. टीच्या खाली, ड्रमच्या तोंडाशी तरंगणारा चेंडू बसवला की ड्रम भरल्यावर ते तोंड बंद होतं आणि घाण पाणी वर ढवळून येत नाही.

ड्रम पुढच्या पावसाआधी रिकामा असला पाहिजे, नाहीतर तो असून नसल्यासारखा. तळाला 3 मिलिमीटरचं भोक असलेली एंड कॅप लावा. भरलेला ड्रम साधारण सहा-सात तासांत आपोआप रिकामा होतो. हे भोक बुजतं. दर आठवड्याला तारेने साफ करा आणि महिन्यातून एकदा कॅप उघडून तळचा चिखल काढा. तीन-चार दिवस उघडीप मिळाली की गच्चीवर पुन्हा धूळ बसते, त्यामुळे ही व्यवस्था फक्त जूनपुरती मानू नका. ऑगस्टच्या उघडिपीनंतर येणारी सर पहिल्या पावसाइतकीच मळकी असते.

हाताने व्हॉल्व्ह फिरवायची पद्धत स्वस्त आहे, पण पाऊस रात्री दोनला आला तर व्हॉल्व्ह फिरवायला कोणी उठत नाही.

फिल्टर

घरगुती फिल्टर दोन प्रकारचे. एक जाळीचा: स्टीलची बारीक जाळी, उघडून धुता येते. दुसरा खडी-वाळूचा: तळाला 40 मिलिमीटरची खडी, त्यावर 20 मिलिमीटरची, त्यावर जाडी वाळू, आणि दोन थरांमध्ये नायलॉनची जाळी. कोळशाचा थर असेल तर तो दरवर्षी बदला. जुना कोळसा काहीच शोषत नाही, उलट त्यावर चिकट थर धरतो.

फिल्टर बुजलाय हे कसं ओळखायचं? मोठा पाऊस असताना फिल्टरच्या वरच्या ओव्हरफ्लोमधून पाणी बाहेर पडतंय आणि टाकीत मात्र बारीक धार येतेय, तेव्हा. वाळूचा वरचा दोन-तीन इंचांचा थरच बहुतेक घाण धरतो. तेवढा काढून बालदीत घ्या, पाणी ओतून हाताने ढवळा, गढूळ पाणी लगेच ओतून द्या. पाणी निवळ दिसेपर्यंत हेच करत राहा. सात-आठ वेळा करावं लागतं. मेमध्ये मात्र सगळे थर काढून धुवायचे. धुतल्यावर वाळू फिल्टरमध्ये भरण्याआधी कडक उन्हात पसरा.

जाळीचा फिल्टर पावसाळ्यात दर आठवड्याला धुवावा लागतो. मऊ ब्रशने आतून बाहेर घासा. तारेचा ब्रश जाळी फाडतो, आणि फाटलेली जाळी नसल्यातच जमा.

टाकी: आधी बघा, मग उतरा

टाकी दरवर्षी पूर्ण उपसायची गरज नसते. झाकण उघडा आणि पांढरं फडकं गुंडाळलेली काठी हळूच तळाला टेकवा. वर काढल्यावर फडक्यावर काळपट पट्टा किती उंच आलाय ते मोजा. एक सेंटिमीटरच्या आत असेल आणि वास नसेल तर या वर्षी राहू द्या. त्याहून जास्त असेल तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाणी तळाला गेलेलं असताना साफ करा. भर पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नका. जमिनीत पाणी भरलेलं असतं तेव्हा ते रिकाम्या टाकीला खालून वर ढकलतं. प्लास्टिकची पुरलेली टाकी वर उचलली जाते आणि पाइप तुटतात, आरसीसी टाकीच्या तळाला तडे जाऊ शकतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. बंद टाकीत उतरणं जिवावर बेततं. तळाचा गाळ कुजून विषारी वायू होतो, आणि ऑक्सिजनही कमी पडू शकतो. दिवा सोडून बघण्याची जुनी रीत अपुरी आहे: दिव्याला ऑक्सिजन कळतो, विषारी वायू कळत नाही. म्हणून सगळी झाकणं काही तास उघडी ठेवा, टेबल फॅन बाहेर ठेवून हवा आत ढकला, शक्य तितका गाळ बाहेरूनच लांब काठीच्या खराट्याने ढवळून उपसा. उतरावंच लागलं तर कमरेला दोर, वर दोन माणसं, आणि आतल्याने सतत बोलत राहायचं. आतला माणूस गप्प झाला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, दोरानेच ओढायचं. अशा अपघातांत वाचवायला उतरलेला माणूसही जातो. आत माणूस असताना विजेचा पंप बंद आणि प्लग काढलेला हवा. डिझेल-पेट्रोलचं इंजिन टाकीच्या तोंडाशी चालवू नका. गाळ घोटाभर असेल, टाकी खोल असेल किंवा वास उग्र असेल तर हे काम यंत्राने टाक्या धुणाऱ्यांकडूनच करून घ्या.

भिंती नायलॉनच्या ब्रशने घासा. ज्या रेषेपर्यंत पाणी असतं तिथे जास्त जोर लावा: डेंगीच्या डासाची अंडी तिथेच चिकटलेली असतात आणि कोरडी असतानाही काही महिने जिवंत राहतात. साबण, डिटर्जंट नको. घासून, धुऊन, पाणी उपसून झालं की 20 लिटर पाण्यात 20 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मिसळून निवळू द्या आणि वरचं पाणी लांब दांड्याच्या ब्रशने, जमेल तितकं बाहेरूनच, भिंतींना लावा. डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क, आणि वास चढला की काम थांबवायचं. अर्ध्या तासाने धुऊन ते पाणी बाहेर टाका. टीसीएल आणि ॲसिड किंवा संडास धुवायचं द्रव एकत्र येता कामा नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद टाकीत तो जीव घेतो.

वर असताना आणखी चार गोष्टी तपासा. झाकणाच्या कडेला फट आहे का: आत बसून झाकण लावलं तर उजेडाची रेघ दिसेल अशी फट शेवाळ्याला आणि डासांना पुरते, पण आत बसायची गरज नाही, रात्री आत टॉर्च सोडून बाहेरून बघा. हवेच्या पाइपला डासांची जाळी आहे का. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपइतका तरी मोठा आहे का, आणि त्याच्या तोंडाला जाळी किंवा झडप आहे का. उंदीर आणि साप याच वाटेने येतात. ओव्हरफ्लो गटाराला थेट जोडलेला नसावा, पावसाचा जोर वाढला की गटार उलटं टाकीत येतं. तो शोषखड्ड्यात किंवा बोअरच्या पुनर्भरणाला सोडा. चौथी गोष्ट, संडासाची टाकी आणि ही टाकी यांत अंतर किती. भिंतीला बारीक तडा असेल आणि बाजूची माती ओलसर असेल तर आधी तडा बुजवा, मग बाकीचं.

पंप

अर्धा एचपीचे घरगुती पंप क्वचितच चालून झिजतात. ते बिघडतात तीन कारणांनी: कोरडे फिरणं, महिनोन्‌महिने पडून राहणं आणि गाळ ओढणं. या पंपात पितळी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) आणि केसिंग (त्याभोवतीचं कवच) यांच्यात अगदी थोडी जागा असते. पाण्यातली रेती त्या जागेतून गेली की ती रुंदावते आणि दाब उतरतो. म्हणून फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या खालच्या टोकाचा, पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) तळापासून निदान एक फूट वर टांगा. टाकीतलं शेवटचं फूटभर पाणी पंपाचं नाही, असंच धरून चाला.

सक्शन पाइप पंपाकडे सतत चढता असावा. मध्ये उंचवटा आला की तिथे हवा अडकते आणि पंप पाणी ओढेनासा होतो. पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नको. पंपापासून पाण्यापर्यंतची खोली सहा मीटरच्या आत ठेवा. कागदावर हवेचा दाब समुद्रसपाटीला 10 मीटर पाणी चढवतो, पण प्रत्यक्षात घर्षण आणि हवेची गळती धरून सहा-सातच्या पुढे भरवसा नाही. महाबळेश्वरसारख्या उंचीवर तर आणखी कमी.

पंप नीट चालत असताना एक काम करून ठेवा. वरची टाकी अर्ध्या खुणेपासून भरायला किती मिनिटं लागतात ते मोजा आणि पंपाच्या वर भिंतीवर पक्क्या मार्करने तारखेसह लिहा. इलेक्ट्रिशियनकडे क्लॅम्प मीटर असेल तर किती अँपिअर घेतो तेही लिहून घ्या. पुढच्या वर्षी तीच टाकी सव्वापट वेळाने भरू लागली, तर पंप बंद पडायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असेल.

बिघाड ओळखायची रीत अशी. पंप फिरतोय पण पाणी नाही: आधी प्रायमिंगची, म्हणजे पंपात पाणी भरायची टोपी उघडा. रात्री काठोकाठ भरलेलं पाणी सकाळी खाली गेलेलं असेल तर फूटव्हॉल्व्ह गळतोय. पाइप वर काढा, जाळीत अडकलेलं पान किंवा खडा काढा; बहुतेक वेळा रबराची चकती चिरलेली असते, ती बदला. पाणी भरलेलं राहतं तरी धार तुटत-तुटत येते आणि बुडबुडे दिसतात, तर सक्शनच्या सांध्यातून हवा ओढली जातेय. पंप चालू असताना एकेका सांध्यावर थोडं पाणी ओता, मोटरपासून लांब. ज्या सांध्यावर ओतल्यावर धार सुधारेल तो दोषी. युनियन उघडून वॉशर बदला, आट्यांना टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळा. वरून सीलंट फासून हे काम टिकत नाही.

पंप फिरतच नाही, नुसता गुरगुरतो: लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. प्लग काढा. मागच्या बाजूला शाफ्टला स्क्रूड्रायव्हरची खाच असते. नसेल तर पंख्याचं कव्हर काढून पंखा हाताने फिरवा. पडून राहिल्याने इम्पेलर केसिंगला धरलेला असतो; दोन्हीकडे थोडं-थोडं हलवत मोकळा करा. हातोडीने ठोकू नका, पितळ वाकतं. सहज फिरतोय तरी सुरू होत नाही, तर संशय कपॅसिटरवर. नवा त्याच मायक्रोफॅरडचा घ्या; आकडा पंपाच्या प्लेटवर किंवा जुन्या कपॅसिटरवर असतो. मोठा टाकला की पंप जोरात चालतो ही समजूत मोटर तापवते. कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ झटका देऊ शकतो, त्यामुळे हे काम इलेक्ट्रिशियनचं.

मोटर आणि पंप यांच्या मधून थेंब-थेंब पाणी पडतंय म्हणजे मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग) गेलं. याच्याकडे दुर्लक्ष केलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि स्वस्तातलं काम मोटरपर्यंत पोचतं. सील साधारणपणे पंप कोरडा फिरल्यानेच जळतं, म्हणून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर चालणारा फ्लोट स्विच किंवा ड्राय रन प्रोटेक्शन (कोरडा फिरू लागला की पंप बंद करणारी सोय) हा सगळ्यात फायद्याचा सुटा भाग आहे.

आणखी एक, जे अनेक प्लंबरही विसरतात: या प्रकारच्या पंपाची डिलिव्हरी आवळली की मोटरवरचा भार कमी होत नाही, वाढतो. त्यामुळे व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून धार कमी करू नका, आणि वरच्या टाकीचा बॉलकॉक बंद झाल्यावर पंप चालू राहू देऊ नका.

पंप जमिनीपासून निदान सहा इंच उंच ओट्यावर, वर पत्रा, चारही बाजूंनी हवा. प्लास्टिकची पिशवी गुंडाळू नका. आत दमट राहून मोटर लवकर गंजते. स्वतंत्र एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चालू स्थितीतलं अर्थिंग या तिन्हीपैकी एकही गाळू नका. ओल्या हाताने, अनवाणी पंपाला हात लावणं पावसाळ्यात घातक आहे.

मुंबई-पुण्याला राहून गणपती-शिमग्यालाच गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या घरी पंप हमखास धरलेला सापडतो. निघताना खालचा ड्रेन प्लग उघडून केसिंगमधलं पाणी काढा, शाफ्ट चार फेरे हाताने फिरवा, प्लग सैल लावून ठेवा. शेजारी कुणाला किल्ली दिलेली असेल तर पंधरवड्याला शाफ्ट फिरवायला सांगा. परत आल्यावर आधी हाताने फिरवायचं, मग केसिंग पाण्याने भरायचं, आणि सगळ्यात शेवटी बटण. घरात राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं पंप चालवला की पुरे.

पाणी

पिण्यासाठी 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल. आपल्या भरलेल्या टाकीला 50 ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका. बालदीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाणी वाढवा, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या आणि फक्त वरचं पाणी टाकीत ओता. तळाचा चुना फेकून द्या. निदान एक तास थांबा. रात्री टाकून सकाळी वापरणं सोयीचं. ताज्या पावडरीत 33 टक्के क्लोरीन असतो आणि दमट हवेत तो उतरतो. गठ्ठे झालेली, वास नसलेली पावडर निरुपयोगी आहे, जास्त टाकून भरून निघत नाही. एक तासाने नळाच्या पाण्यात लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी उरलेला क्लोरीन दिसायला हवा. पंचायतीचे आरोग्य कर्मचारी ओटी टेस्टने (पाण्यात थेंब टाकून रंग बघायची चाचणी) तेच बघतात. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळच खातो, म्हणून आधी फिल्टर, मग टीसीएल.

पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी असतात. 500 च्या आत टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) असलेल्या पाण्याला आरओ लागत नाही. यूव्ही किंवा उकळणं पुरतं. नव्या सिमेंटच्या टाकीतलं पाणी सुरुवातीला बुळबुळीत लागतं आणि चुनखडीची चव येते. एक-दोनदा भरून, आठवडाभर ठेवून ते झाडांना घाला.

कुजक्या अंड्याचा वास आला तर तळाला गाळ कुजतोय. पाणी चहासारखं पिवळसर, तर पानं आत आलीत. हिरवट, तर कुठून तरी उजेड येतोय. बारीक लाल अळ्या वळवळताना दिसल्या, तर जाळी फाटली आहे. अळ्या गाळून काढू नका, आधी फाटलेली जागा शोधा. शंका आली तर एचटूएस बाटलीत (पाण्यातले जंतू तपासायची तयार बाटली) नमुना भरून 24 ते 48 तास उबदार जागी ठेवा. पाणी काळं पडलं तर ते दूषित आहे, उकळल्याशिवाय पिऊ नका.

सप्टेंबरच्या शेवटी हस्त नक्षत्र लागतं. तोवर गच्ची पुन्हा एकदा झाडून, ड्रम आणि जाळी धुऊन ठेवा. तेव्हा भरलेलं पाणी पुढे महिनोन्‌महिने टाकीत राहणार असतं. पाऊस थांबला की टाकीत येणाऱ्या पाइपला कॅप लावा, हवेच्या पाइपची जाळी ओढून बघा, टीसीएल टाका, आणि भिंतीवर पातळी, तारीख आणि ग्रॅम लिहून झाकण बंद करा.